जाताना बंगळूर, येताना मुंबई

सीमाभागातल्या माणसाला परदेशी जायचं झालं की पहिला प्रश्न विमान कंपनीचा नसतो. मुंबईनं जायचं की बंगळूरनं, हा असतो. निपाणीच्या स्टँडवर उभं राहिलं तर उत्तरेला मुंबई चारशे किलोमीटरच्या थोडी पुढे, दक्षिणेला बंगळूर साडेपाचशेच्या वर. हिशेब मुंबईच्या बाजूचा. पण असल्या गोष्टी किलोमीटरवर कोण ठरवतं? ज्याचा दीर डोंबिवलीत तो मुंबई म्हणतो, ज्याचा मुलगा विजयनगरात भाड्यानं राहतो तो बंगळूर म्हणतो. आणि ज्या घरात सासर मराठी, माहेर कन्नड, तिथं हा वाद सून माप ओलांडून आत येते त्याच दिवशी घरात येतो.

आमच्या अक्काच्या घरचा हा वाद 2024 साली सुटला, तो विमानाच्या माइल्समुळं. कसा, ते सांगायचं आहे. कारण हल्ली आपल्याकडे घराघरांतून एक तरी पोरगं अमेरिकेत किंवा कॅनडात आहे, आणि त्यातली बरीच फोनवर सांगतात, "आई, माइल्स साठलेत, यावेळी तुला बिझनेस क्लासनं आणतो." आईला माइल्स म्हणजे मैल एवढंच कळतं.

माझा भाचा सॅन होजेत नोकरीला. त्याची बायको गोकाकची, घरात कन्नड बोलणारी. नोव्हेंबरात बाळंतपण. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात अशा वेळी 12 आठवड्यांची रजा आहे, पण बिनपगारी. कॅलिफोर्निया राज्य काही आठवडे पगाराचा काही भाग देतं, इतकंच. आपल्याकडे 2017 पासून 26 आठवडे पगारी रजा आहे, हे तिकडच्या पोरींना सांगितलं तर त्या गप्पच बसतात. म्हणून तिकडे आजी लागते. इथं तर दोन आज्या तयार होत्या: निपाणीची आमची अक्का आणि गोकाकच्या विहीणबाई. कन्नडमध्ये बीगती. दोघी साठीच्या पुढच्या. अक्काच्या एका गुडघ्यात शस्त्रक्रियेनं सांधा बसवलेला, दुसरा त्याच वाटेवर. विहीणबाईंना शरीराची तक्रार नाही, पण कन्नड सोडून दुसरी भाषा नाही. अक्काला आपल्या भागातल्या बायकांसारखं दोन्ही येतं. म्हणजे एकीला चालता येतं, दुसरीला बोलता येतं. दोघी मिळून एक धडधाकट प्रवासी होत होत्या. त्यामुळं पहिली अट अक्कानंच घातली: "जाऊ तर दोघी, एकाच विमानात, शेजारी शेजारी."

ही अट ऐकायला साधी आहे. माइल्सच्या दुनियेत तिच्याइतकी अवघड अट नाही.

आधी माइल्स म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगतो. आपल्याकडे साखर कारखान्याच्या सभासदाला सवलतीची साखर मिळते. निपाणीचा हालसिद्धनाथ घ्या, संकेश्वरचा हिरण्यकेशी घ्या. साखर किती, कोणत्या दरानं, कोणत्या तारखेपर्यंत उचलायची, हे कारखाना ठरवतो. सभासद फक्त कार्ड घेऊन रांगेत उभा राहतो. माइल्सचं तसंच. अमेरिकन एअरलाइन्सनं 1981 च्या मे महिन्यात ही योजना काढली, पाठोपाठ युनायटेडनं काढली. आपल्या एअर इंडियानं 1994 मध्ये सुरू केली. आधी जितके मैल उडाल तितके गुण होते. पुढं बँका त्यात शिरल्या. बँक कंपनीकडून माइल्स विकत घेते आणि क्रेडिट कार्डावर किराणा भरणाऱ्याला वाटते. आज विमानात पाऊल न ठेवताही माइल्स साठतात. हा धंदा किती मोठा, तर करोनाच्या वर्षी, 2020 मध्ये, युनायटेडनं आपली माइल्सची योजनाच तारण ठेवून 6.8 अब्ज डॉलर उभे केले. निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याला पत म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, त्यानं हा आकडा एकदा मनाशी घोळवून बघावा.

पण साखरेसारखंच हेही ठेव म्हणून धरायचं नसतं. किंगफिशर 2012 मध्ये बसली तेव्हा तिचे माइल्स तिच्याबरोबर गेले. जेट एअरवेज 2019 च्या एप्रिलमध्ये थांबली. तिची माइल्सची कंपनी वेगळी असल्यानं नाव बदलून जगली, पण ज्या विमानात बसायला ते जमवले ते विमानच राहिलं नाही. विस्तारा 2024 च्या नोव्हेंबरात एअर इंडियात विलीन झाली आणि तिचे गुण तिकडे वळले. आणि कंपनी धडधाकट असली तरी काल अमुक माइल्सना मिळणारी खुर्ची आज दीडपट मागते, त्याची कुठं दाद नाही. वापरायचे असतील तर वापरून टाकावेत, हे माझं मत. नातवंडाच्या जन्मापेक्षा मोठं कारण कोणतं शोधणार?

भाच्याकडे दोन प्रकारचा साठा होता. ऑफिसच्या फिरतीतून जमलेले युनायटेडचे माइल्स, आणि कार्डाचे गुण, जे बँक सांगाल त्या कंपनीच्या माइल्समध्ये बदलून देते. हे बदलणं एकाच दिशेचं असतं. एकदा बँकेतून कंपनीकडे गेलेले गुण परत बँकेत येत नाहीत. म्हणून आधी खुर्ची बघायची, मग गुण हलवायचे. पोरं उत्साहात उलटं करतात.

आता बिझनेस क्लासच का, हेही सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की चैन चालली आहे. अक्का 2018 मध्ये एकदा साध्या वर्गानं गेली होती. कंपनीचं नाव घेत नाही. मधल्या विमानतळावर आठ तास लोखंडी बाकावर, आणि पुढं सोळा तास गुडघा मुडपून. उतरली तेव्हा पायात चप्पल जात नव्हती. त्यानंतर शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टरांनी सांगून ठेवलं की पाय लांब करता आला पाहिजे आणि मधूनमधून उठून चाललं पाहिजे. प्रीमियम इकॉनॉमी म्हणून मधला वर्ग आहे, खुर्ची रुंद असते, माइल्सही बरेच कमी लागतात. पण ती खुर्ची पलंग होत नाही. गुडघ्याच्या दृष्टीनं ती अर्धवट सोय. पैसे मोजून दोघींना बिझनेस क्लास परवडणारा नव्हता. माइल्सनं एकेका माणसाला एका बाजूचे लाखाच्या आसपास लागणार होते. तेवढे होते. प्रश्न कंपनीचा होता.

भाच्यानं फोनवर सांगितलं, "मामा, तुम्हीच ठरवा, मी फक्त बुक करतो." त्याची आई एक म्हणणार, सासू दुसरं. मामा मध्ये पडला की दोघी ऐकतात, असा त्याचा हिशेब.

पहिली नजर जाते ती थेट विमानावर. एअर इंडियानं 2021 च्या जानेवारीत बंगळूर ते सॅन फ्रान्सिस्को थेट विमान सुरू केलं, सुमारे 14 हजार किलोमीटर, मध्ये कुठं टेकणं नाही. पुढं मुंबईहूनही सुरू झालं. दोन म्हाताऱ्या माणसांना याहून सोपं काय? आपली भाषा, आपलं जेवण, विमान बदलायची भानगड नाही. एअर इंडिया 2014 पासून स्टार अलायन्समध्ये आहे, त्यामुळं युनायटेडचे माइल्स तिथं चालतात. चालतात, पण खुर्ची सुटली तर. कंपन्या प्रत्येक विमानात माइल्सवाल्यांसाठी थोड्याच खुर्च्या सोडतात, त्यातल्या दुसऱ्या कंपनीच्या सभासदांना आणखी थोड्या. आम्हाला हव्या त्या आठवड्यात एक खुर्ची दिसायची. दोन कधी दिसल्या नाहीत. कुणीतरी सुचवलं, एक आज मंगळवारी, दुसरी शुक्रवारी. अक्कानं नुसतं माझ्याकडे बघितलं.

(आज कुणी हे वाचून थेट विमानाच्या मागं लागणार असेल तर आधी ते चालू आहे का ते बघावं. ही लांब पल्ल्याची उड्डाणं येतात आणि जातात. शिवाय 2025 च्या एप्रिलपासून पाकिस्ताननं आपल्या विमानांना आकाश बंद केलं, त्यानंतर आपल्या कंपन्यांच्या कित्येक मार्गांच्या वेळा लांबल्या.)

मग कतार. हिचं मला फार आकर्षण होतं, कारण ही कंपनी 2024 च्या जूनमध्ये गोव्यात दाबोळीहून मोपाला गेली. निपाणीहून आजरा, आंबोली, सावंतवाडी करत गेलं की मोपा चारेक तासांत येतं. म्हणजे मुंबईही नको, बंगळूरही नको, घाट उतरला की दोहा. तिथून थेट सॅन फ्रान्सिस्को. या कंपनीनं 2017 मध्ये काढलेली दार लावून बसायची खोलीवजा खुर्ची जगभर नावाजलेली आहे. मधल्या दोन जागांमधला पडदा खाली केला की दोघी शेजारी. नकाशावर बोट ठेवून मी अक्काला हे समजावलं, तेव्हा ती म्हणाली, "गोव्यात आपलं कोण आहे?" विमान चुकलं, रद्द झालं, तर रात्री कुणाच्या दारात जायचं, हा तिचा प्रश्न. बरोबरच होता. आणि गोव्याहून दोन खुर्च्या माइल्सवर काही निघाल्या नाहीत, त्यामुळं वाद वाढला नाही.

एमिरेट्सचं दुमजली विमान बंगळूरला 2022 पासून येतं. नाव मोठं, विमान मोठं, पण ती कुठल्याच आघाडीत नाही, आणि माइल्सच्या तिकिटावरही कंपनी स्वतःचा अधिभार बराच लावते. ब्रिटिश एअरवेजचं तसंच. "फुकट" तिकिटाला चाळीस-पन्नास हजार मोजायची वेळ आली की माणूस फुकट या शब्दाकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागतो.

इथं एक गंमत कळली, ती नीट सांगतो, कारण पैसे इथंच वाचतात. विमान एकच, खुर्ची एकच, पण ती कोणाच्या माइल्सनं घेतली यावर अधिभार ठरतो. लुफ्थान्साची खुर्ची लुफ्थान्साच्याच माइल्सनं घेतली तर अधिभार जोरात. तीच खुर्ची युनायटेडच्या किंवा एअर कॅनडाच्या माइल्सनं घेतली तर सरकारी कर आणि विमानतळाचे आकार तेवढे. घरच्यापेक्षा पाहुण्याला स्वस्त! आणि याच्या उलट सिंगापूर एअरलाइन्स. तीही स्टार अलायन्समधलीच, पण लांब पल्ल्याच्या बिझनेस क्लासच्या खुर्च्या ती सहसा आपल्याच सभासदांना देते, युनायटेडवाल्याला दार बंद. एका पंगतीला बसूनही कोण कोणाला वाढेल हे वेगळंच असतं.

जाण्यासाठी शेवटी लुफ्थान्सा ठरली: बंगळूर, फ्रँकफर्ट, सॅन फ्रान्सिस्को, युनायटेडच्या माइल्सवर. भाच्याच्या मित्रांनी नाक मुरडलं. त्यांचं म्हणणं, या कंपनीच्या जुन्या मांडणीत खिडकीपाशी दोन-दोन खुर्च्या जोडून असतात, आतल्या माणसाला बाहेर यायला शेजाऱ्याचे पाय ओलांडावे लागतात, हल्ली प्रत्येकाला स्वतंत्र वाट असते, ही खुर्ची मागासलेली. एकट्या तरुण माणसासाठी ते खरं आहे. पण ज्या दोघींना शेजारीच बसायचं आहे, जिथं एकीच्या टेबलाचं झाकण दुसरीनं उघडायचं आहे, तिथं ती मागासलेली खुर्चीच मोलाची. जाणकार लोक खुर्चीला गुण देतात ते शॅम्पेन कोणती, पायजमा कसला, पडदा केवढा यावरून. आमच्या प्रवाशांपैकी एक वारकरी, दुसरी लिंगायत. शॅम्पेनचे गुण वजा केले की यादी पार बदलते.

दुसरं, वेळ. बंगळूरहून हे विमान पहाटे तीनच्या सुमारास सुटतं, म्हणजे बसलं की झोप. नऊ-दहा तास झाले की फ्रँकफर्टला उतरून पाय मोकळे करायचे, मग पुढचे अकरा-बारा तास. डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं आपोआप होतं. लोक थेट विमानाला थांब्यापेक्षा नेहमीच चांगलं मानतात. गुडघ्याला विचारलं तर तो तसं म्हणेलच असं नाही. थांबा मात्र तीन-चार तासांचा हवा. दीड तासाचा असला तर चाकाच्या खुर्चीला धाप लागते, आठ तासांचा असला तर 2018 आठवतं.

चाकाची खुर्ची दोघींसाठी मागितली. विहीणबाई भडकल्या, "ननगेनागेद?" मला काय झालंय? त्यांना समजावलं की खुर्ची पायासाठी नाही, सोबतीसाठी आहे. एकीलाच मागितली तर मदतनीस तिला घेऊन लिफ्टनं जातो आणि दुसरी जिन्याशी उभी राहते. विमान कंपनीला तिकिटाबरोबरच कळवलं की ही सोय मिळते, वेगळे पैसे नाहीत.

जेवणाचं सांगायलाच हवं, कारण यात आपली माणसं फसतात. तिकिटावर खास जेवण मागताना "हिंदू मील" असा पर्याय दिसतो, संकेताक्षर एचएनएमएल. आपल्याला वाटतं, चला, हे आपलं. ते मांसाहारी असतं, फक्त गोमांस-डुक्कर नसतं. शाकाहारी भारतीय जेवणाचं संकेताक्षर एव्हीएमएल. जैन जेवण व्हीजेएमएल. नुसती फळं हवी असतील तर एफपीएमएल. बिझनेस क्लासमध्येही हे किमान एक दिवस आधी कळवावं लागतं; तिथं ताटाला कापड असतं म्हणून स्वयंपाकघर मोठं असतं असं नाही.

राहिला बंगळूर-मुंबईचा वाद. अक्काचा दीर डोंबिवलीला, विहीणबाईंचा मुलगा बंगळूरला. दोघींची मनं आपापल्या दिशेला. पैशाचं तिकीट बहुतेक वेळा जाऊन-येऊन एकाच गावाहून स्वस्त पडतं. पण माइल्सचा हिशेब बहुतेक कंपन्या एका बाजूचा करतात. जाताना एक कंपनी, येताना दुसरी. जाताना एक गाव, येताना दुसरं. दंड काही नाही. हे कळल्यावर मी दोघींना एकत्र बसवून सांगितलं, जाताना बंगळूर, येताना मुंबई. दोन्ही बाजूंना एकदम मान्य झालेला सीमाभागातला हा पहिलाच तोडगा असावा.

बंगळूरला पोहोचायचं कसं, हा मात्र माइल्सच्या बाहेरचा भाग होता, आणि खरी कसोटी तिथंच लागली. मनात सांबरा होतं. दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली झालेला हा विमानतळ, 2017 मध्ये नवी इमारत झाली, बंगळूरला तासा-सव्वा तासात पोहोचवतो. पण मोठ्या तिकिटावर दोघींना प्रत्येकी 32 किलोच्या दोन बॅगा होत्या, म्हणजे दोघींत 128 किलो. सांबऱ्याचं तिकीट वेगळं, त्यावर माणशी 15 किलो. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असते तर मोठ्या प्रवासाचं वजन पहिल्या टप्प्यालाही लागू झालं असतं. वेगळ्या तिकिटाला ते लागू नाही, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी थांबतही नाही. शिवाय बंगळूरला उतरायचं टर्मिनल एक, परदेशी विमान टर्मिनल दोन, मध्ये बस.

आणि वजन कमी करा म्हणायची कोणाची हिंमत? डिंकाचे लाडू, अळीव, गोकाकचा करदंट, बाळंतिणीसाठी खसखस घालून केलेली खास पुडी, शेंगाचटणी, बाळाच्या दुपट्यांची एक अख्खी बॅग. विहीणबाईंनी जवारीच्या कडक भाकरीची चळतच आणली होती. मी एवढंच बघितलं की तिकडच्या कस्टमच्या प्रश्नाला "खाण्याचे पदार्थ आहेत" असं खरं उत्तर द्यायचं, हे दोघींच्या डोक्यात पक्कं बसावं. लपवलं तर दंड, सांगितलं तर बहुधा नुसतं बघून सोडतात.

शेवटी मोठी गाडी केली. दसरा 12 ऑक्टोबरला झाला, 14 ला सकाळी निघालो. तवंदीचा घाट, संकेश्वर, यमकनमर्डी, बेळगाव. कित्तूर मागं पडलं, धारवाडच्या बाहेर जेवण, मग हावेरी, दावणगेरे, चित्रदुर्ग. रात्री विहीणबाईंच्या मुलाकडे. एक दिवस पूर्ण विश्रांती, आणि 16 च्या रात्री देवनहळ्ळी. काही म्हणा, विमान पहाटे तीनला असेल तर विमानतळाच्या गावात आपलं माणूस असणं हे कुठल्याही लाउंजपेक्षा मोठं.

दोघी 17 तारखेला पोहोचल्या. चप्पल पायात गेली का, हे मी फोनवर पहिलं विचारलं. "बूट घालून उतरले," अक्का म्हणाली. फ्रँकफर्टला म्हणे विहीणबाई चाकाच्या खुर्चीत बसायला शेवटी तयार झाल्या, कारण ढकलणारी बाई वयानं त्यांच्याएवढीच होती आणि तिला नाही म्हणणं बरं वाटेना. विमानात पहाटे त्यांनी इष्टलिंगाची पूजा केली. शेजारी अक्का होती, पांघरूण आडवं धरून. अनोळखी माणसाच्या शेजारी त्यांना ते जमलं नसतं.

येतानाचं तिकीट मात्र अजून नव्हतं. माइल्सवाले सांगतात, अकरा-बारा महिने आधी खिडकी उघडते, तेव्हाच बघा. बाळ नऊच महिने आधी कळवतं, आणि त्यातले पहिले तीन महिने कुणाला सांगायचे नसतात. शिवाय अमेरिकेत उतरताना सहा महिन्यांचा मुक्काम मिळाला होता, म्हणजे 16 एप्रिलच्या आत निघणं भाग. भाच्याच्या युनायटेडच्या खात्यात आता फार काही उरलं नव्हतं, कार्डाचे गुण होते. म्हणून सिंगापूर एअरलाइन्स बघितली: सॅन फ्रान्सिस्को, सिंगापूर, मुंबई. तिच्या माइल्सच्या तिकिटावर 2017 पासून इंधनाचा अधिभार नाही, आणि खुर्ची नसेल तर प्रतीक्षायादीत नाव घालता येतं, आपल्या रेल्वेसारखं. पण तिचा सभासद आपले माइल्स वाटेल त्याला देऊ शकत नाही. पाच जणांची नावं आधी नोंदवावी लागतात, त्यांनाच. भाच्यानं पहिलं नाव आईचं घातलं, दुसरं सासूचं. सासूचं नाव पासपोर्टवर आहे तसं, वडिलांच्या नावासकट, घालायला तीन फोन झाले. आपल्याकडची नावं कन्नडमध्ये एक, रेशनकार्डावर दुसरी आणि पासपोर्टवर तिसरी असतात, आणि विमान कंपनी फक्त तिसरी ओळखते.

फेब्रुवारीत एकीची खुर्ची पक्की झाली, दुसरीची प्रतीक्षायादीत. ते तीन आठवडे मला फार जड गेले. खुर्ची आली नसती तर एकीला पैसे मोजून साध्या वर्गात पाठवावं लागलं असतं, आणि कोणाला, हे मी ठरवायचं होतं. मार्चात दुसरीही निघाली. त्या विमानातल्या खुर्चीची पाठ पुढं उलटवून पलंग करावा लागतो आणि थोडं तिरकं झोपावं लागतं, हे आधी वाचून ठेवलं होतं. अक्काला सांगितलं, स्वतः खटपट करू नकोस, बाईंना बोलव, त्या करून देतात. तसंच झालं. मधल्या दोन जागा घेतल्या होत्या, त्यामुळं इथंही शेजार होता.

निघाल्या 7 एप्रिलच्या रात्री, रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी. सतरा तासांच्या आसपास उडून सिंगापूरला उतरल्या तर 9 तारखेची पहाट. मधली 8 तारीख, कामदा एकादशी, पॅसिफिक समुद्रावर काही तासांत उरकली. अक्कानं आधी विचारलं होतं, "उपवास धरू कधी आणि सोडू कधी?" आमच्या कॉलेजातल्या भूगोलाच्या सरांना विचारून मी वाररेषा समजावली, पण पंचांगाचं उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं. शेवटी फळांचं ताट आधी नोंदवून ठेवलं. विमानात चढल्यापासून उतरेपर्यंत एकादशी, असं अक्कानंच ठरवलं.

आणि जाताना पश्चिमेला, येतानाही पश्चिमेलाच, म्हणजे निपाणीची एक आणि गोकाकची एक, अशा दोन बायकांनी पृथ्वीला पूर्ण चक्कर मारली होती. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "हौदेन्री?" आणि बॅगेतलं काहीतरी शोधायला लागल्या.

मुंबईत डोंबिवलीकरांकडे दोन रात्री झाल्या, मग पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर. कागल सोडलं, कोगनोळीचा नाका ओलांडला तशी गाडीतली बोलणी मराठीतून कन्नडवर आली, कोणी ठरवून नव्हे. विहीणबाई निपाणीला एक दिवस राहून गोकाकला गेल्या.

नातीला आता बोलता येतं. फोनवर ती अक्काला आजी म्हणते, विहीणबाईंना अज्जी म्हणते, आणि दोघी एकदम दिसल्या की गोंधळते. भाचा कार्डाचे गुण पुन्हा जमवतो आहे. यावेळी विहीणबाईंनी स्वतःहून निरोप पाठवला आहे, की खुर्च्या शेजारी मिळत असतील तर मुंबईनं जायलाही त्यांची हरकत नाही.